आपसात कागद कशाला?

दर आठवड्याला या पानावर तुमची-माझी गाठ पडते ती कॉलमभर जागेपुरती. कोणी भाडेकरूबद्दल विचारतो, कोणी मृत्युपत्राबद्दल. मी माझ्या मगदुराप्रमाणे उत्तर देतो आणि जागा संपली की थांबतो. दिवाळी अंकात मात्र संपादक हात सैल सोडतात. म्हणून एरवी चार ओळींत उरकावा लागणारा एक विषय यंदा जरा ऐसपैस मांडणार आहे. विषय गोड नाही. उसन्या पैशांचा आहे. पण लक्ष्मीपूजनाला आपण ज्या वहीला हळदकुंकू वाहतो, तिच्यात जमेची बाजू असते तशी नावेचीही असतेच. तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी हा विषय निघाला म्हणून गृहिणींनी रागावू नये.

हे लिहितो आहे ते गणपतीच्या दिवसांत. तुमच्या हाती पडेल ते दिवाळीत. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. दुसऱ्या दिवशी आरतीला माझा भाचा सपत्नीक आला. आरती झाली, प्रसाद झाला, आणि चहाचा कप हातात घेत तो म्हणाला, "मामा, एक कायद्याचं विचारायचं होतं. फी म्हणून मोदक आणलेत."

प्रश्न साधा होता. त्याचा धाकटा मेहुणा दातांचा डॉक्टर. ठाण्याला स्वतःचा दवाखाना थाटतो आहे. बँकेने कर्ज मंजूर केले, तरी तीन लाख कमी पडतात. ते भाच्याने द्यायचे, बिनव्याजी, आणि मेहुण्याने दोन वर्षांत फेडायचे.

"मोबाइलवर त्यानं तसं लिहूनही पाठवलंय. 'भावोजी, दोन वर्षांत सगळे फेडतो.' एवढं पुरे ना?"

"नाही पुरत," मी म्हणालो. "वचनचिठ्ठी लिहून घे."

भाचेसुनेने कप खाली ठेवला. पोर गुणी आहे, मोठ्या कचेरीत जबाबदारीची नोकरी करते, पण त्या क्षणी ती फक्त बहीण होती. "मामा, माझा पाठचा भाऊ आहे तो. आपसात कागद कशाला?"

वाचकहो, चाळीसहून अधिक वर्षे वकिली करताना हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची मोजदाद नाही. अशील हे वाक्य बोलतात ते बहुधा भूतकाळात: "आपसात कागद कशाला, असं तेव्हा वाटलं हो!" पण मी ते पहिल्यांदा ऐकले ते माझ्या वडिलांच्या तोंडून. ती हकीकत मी भाचेसुनेला सांगितली, तीच तुम्हालाही सांगतो. आजवर ती या पानावर लिहिली नव्हती, कारण तिच्यात चूक माझी आहे.

१९८३ साल. मला सनद मिळून सहा महिने झाले होते. गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या. वडिलांचे कचेरीतले एक स्नेही होते, आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. डोंबिवलीला त्यांनी ब्लॉक पाहिला होता आणि आठ हजार रुपये कमी पडत होते. वडिलांनी ते द्यायचे कबूल केले. मी नवा वकील. उत्साहाने कोरा कागद आणि तिकीट घेऊन बसलो. काकांची काही हरकत नव्हती. त्यांनी खिशातले पेन काढून टोपणही उघडले होते. वडिलांनी ते पेन त्यांच्या हातून घेतले, टोपण लावले आणि मला म्हणाले, "तुझी वकिली कोर्टात कर. मित्रात कागद चालत नाही."

१९८७ साली वडील अकस्मात गेले. तेराव्या दिवशी जेवणे आटोपल्यावर काकांनी मला गॅलरीत बोलावून एक पाकीट दिले. "राहिलेले तीन हजार," ते म्हणाले.

आईला पैसे परत आल्याचे काही ठाऊक नव्हते. वडील घरात बोलले नव्हते. मी पाकीट मोजले आणि जे बोललो ते आजही माझ्या कानात आहे. "काका, तीन कसे? आठ ना?"

काका म्हणाले, "पाच दिले रे, पाचशे-पाचशे करून." मी विचारले, "कुठं लिहिलेलं आहे का?" नव्हते. कसे असणार? ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि जिना उतरून गेले.

पुढच्या दोन वर्षांत त्यांच्याकडून मनिऑर्डरी येत राहिल्या. दर खेपेस पाचशे. कुपनावर चार शब्द लिहायला जागा असे. ती कोरी असे. दहा मनिऑर्डरी आल्या आणि थांबल्या. त्यांच्याकडून आमच्याकडे येणारा दिवाळीचा फराळ तर पहिल्याच वर्षी थांबला होता. "बघ, होते ना देणे!" असे मी आईला म्हणालो. मला वाटले, प्रकरण मिटले.

१९९६ च्या दिवाळीआधी माळा आवरताना वडिलांची ट्रंक खाली काढली. तळाशी तीन-चार खिशातल्या डायऱ्या होत्या. त्यांत दर दोन-तीन महिन्यांनी वडिलांच्या बारीक अक्षरात एक ओळ: काकांकडून पाचशे आले, ताईस पाठवले. ताई म्हणजे माझी आत्या. ती लवकर विधवा झाली होती. वडील तिला मदत करीत आणि त्याची वाच्यता घरात करीत नसत. ओळी मोजल्या. बरोबर दहा भरल्या.

काका खरे बोलत होते. खरे बोलणाऱ्या माणसाने पाच हजार रुपये दुसऱ्यांदा फेडले होते, ते केवळ मी "कुठं लिहिलेलं आहे का?" असे विचारले म्हणून. क्षमा मागायला काका उरले नव्हते. ते १९९४ मध्येच गेले होते. मी डोंबिवलीला काकूंकडे गेलो. पाच हजार आणि हिशेब करून त्यावरचे व्याज, असे पाकीट पुढे ठेवले. काकूंनी पैसे मोजले, पाच हजार ठेवून घेतले आणि बाकीचे माझ्याकडे सरकवले. "व्याज नको. ह्यांनी कुणाला व्याजानं दिले नव्हते."

ही हकीकत ऐकल्यावर भाचेसून बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे कागद नसल्यामुळं बुडाले ते कर्ज घेणाऱ्याचे."

मला नेमके तेच सांगायचे होते. आपण समजतो की चिठ्ठी म्हणजे देणाऱ्याने घेणाऱ्यावर दाखवलेला अविश्वास. पण ज्याची फेडण्याची नियत आहे, त्याला चिठ्ठीची गरज अधिक असते. किती घेतले आणि किती फेडले हे सांगायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते. माणसे मरतात, विसरतात, आणि आठवण तर दोन घरांत दोन तऱ्हेची राहते.

चिठ्ठी कशी असते?

आता थोडा कायदा. वचनचिठ्ठीची, म्हणजे आपण ज्याला प्रॉमिसरी नोट किंवा बाजारी भाषेत प्रोनोट म्हणतो तिची, व्याख्या १८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. नाव जड आहे, मजकूर सोपा आहे. चिठ्ठी लेखी हवी. तिच्यात पैसे देण्याचे वचन हवे आणि ते बिनशर्त हवे. रक्कम निश्चित हवी आणि ती पैशांतच हवी. कोणाला द्यायची ते नाव हवे. आणि वचन देणाऱ्याची सही हवी.

काय चालत नाही हे सांगायला त्या कायद्यातच गमतीदार उदाहरणे दिली आहेत. "माझे लग्न अमकीशी झाल्यावर सात दिवसांनी पाचशे रुपये देईन" ही वचनचिठ्ठी नव्हे, कारण लग्न मोडले तर? "पाचशे रुपये देईन आणि १ जानेवारीला माझा काळा घोडाही देईन" हीही नव्हे, कारण घोडा म्हणजे पैसे नव्हेत. "तुमचे हजार रुपये देणे आहे" एवढेच लिहिले तर तीसुद्धा वचनचिठ्ठी होत नाही. त्यात देणे कबूल केले आहे, पण देईन असे कुठे म्हटले आहे? आपल्याकडे घोड्याऐवजी ब्लॉक असतो एवढेच. "जुनी जागा विकली की देईन" असे लिहून घेऊन निश्चिंत झालेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत.

तुमच्या खिशातल्या शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी धारकाला पैसे देण्याचे वचन दिलेले असते. "जो आणील त्याला देईन" असे वचन तुम्ही-आम्ही द्यायचे नाही. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. म्हणून चिठ्ठीत नाव घालणे आलेच.

भाच्यासाठी मी जो मसुदा केला तो असा:

"ठिकाण ठाणे, तारीख अमुक. मी खाली सही करणार, राहणार अमुक, आज रोजी श्री. अमुक, राहणार अमुक, यांजकडून रुपये ३,००,००० (अक्षरी रुपये तीन लाख फक्त) बँकेमार्फत उसने मिळाले. ही रक्कम त्यांनी मागणी करताच त्यांना अगर ते सांगतील त्यांना, बिनव्याजी, परत देण्याचे मी वचन देतो."

खाली तिकीट आणि तिकिटावरून सही. एवढ्या चार ओळींना वकील लागत नाही.

या ओळींतला प्रत्येक शब्द मात्र कामाचा आहे. रक्कम आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहावी. आकड्यापुढे एक शून्य वाढवणे फार सोपे असते. चिठ्ठी झाल्यावर सही करणाऱ्याच्या संमतीशिवाय रकमेत वा तारखेत फेरफार केला, तर कायद्याने ती चिठ्ठी त्याच्याविरुद्ध रद्द होते. म्हणून खाडाखोड झाली तर नवा कागद घ्यावा. चिठ्ठीला साक्षीदार लागत नाही. उलट "ते सांगतील त्यांना" हे शब्द गाळून खाली साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, तर तो कागद वचनचिठ्ठी न राहता रोखा ठरू शकतो आणि रोख्याला मुद्रांकाची रक्कम वेगळी लागते.

"बिनव्याजी" हा शब्द भाचेसुनेने अनावश्यक म्हणून खोडायला सांगितला. "व्याज लिहिलं नाही म्हणजे नाहीच की!" तसे नाही. वचनचिठ्ठीत व्याजाचा दर लिहिलेलाच नसेल, तर पैसे द्यायला हवे होते त्या तारखेपासून दरसाल दरशेकडा १८ प्रमाणे व्याज मोजावे, असे कायदा सांगतो. व्याज नको असेल तर तसे लिहावे. हवे असेल तर दर लिहावा, आणि तो दरसाल आहे की दरमहा तेही लिहावे. "शेकडा दोन" ऐकायला किती सौम्य वाटते! पण बाजारात शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला चोवीस.

तिकीट, पैसे आणि पाठ

तिकिटाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि त्याची किंमत फार मोठी मोजतात. इतर पुष्कळशा दस्तऐवजांवर मुद्रांक कमी पडला तर तो दंडासह भरून कागद कोर्टात दाखल करता येतो. वचनचिठ्ठीला ही सवलत नाही. चिठ्ठी करताना तिकीट नसेल तर मागाहून लावून भागत नाही. १८९९ च्या मुद्रांक कायद्याप्रमाणे ती पुराव्यात घेतलीच जात नाही. मूळ उसनवारी दुसऱ्या पुराव्याने शाबीत करण्याची धडपड करावी लागते. मागणी करताच देय असलेल्या चिठ्ठीला लागणारी मुद्रांकाची रक्कम अगदी किरकोळ आहे. पोस्टात मिळणारे एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावण्याचा प्रघात आहे. सही तिकिटावरून आडवी जाऊन कागदावर उतरावी, म्हणजे तेच तिकीट पुन्हा वापरता येत नाही. "अमुक तारखेस देईन" अशी मुदतीची चिठ्ठी असेल, तर मात्र मुद्रांक रकमेच्या मानाने लागतो. तेथे रुपयाच्या तिकिटावर विसंबू नये. आधी विचारून घ्यावे.

पैसे शक्यतो बँकेतूनच द्यावेत. वीस हजार रुपये किंवा अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेणे आणि तितके रोखीने फेडणे, या दोन्ही गोष्टींना प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड होतो तो त्या रकमेइतका. "मग बँकेच्या खात्यात नोंद आहेच की, चिठ्ठी कशाला?" असे भाच्याने विचारले. बँक सांगते की पैसे गेले. ते उसने गेले, बक्षीस गेले, की जुने देणे फिटले, हे बँक सांगत नाही. मोबाइलवरचे निरोप कोर्टात पुराव्याला उपयोगी पडू शकतात, पण नातलगाला दिलेली वचनचिठ्ठी मोबाइलवर होत नाही. तिला कागद लागतो, तिकीट लागते, शाई लागते.

आता चिठ्ठीची पाठ. फेडीची प्रत्येक रक्कम चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तारखेसह लिहावी. पैसे घेणाऱ्याने पोच म्हणून सही करावी आणि देणाऱ्यानेही तेथेच सही करावी. फेडणाऱ्याने त्या पाठीचा फोटो काढून आपल्याजवळ ठेवावा. शेवटचा हप्ता दिला की मूळ चिठ्ठी परत मागून घ्यावी. "राहू दे हो, मी फाडून टाकीन" यावर जाऊ नये. आपल्या हाताने फाडावी. काकांच्या आठ हजारांची चिठ्ठी असती आणि तिच्या पाठीवर दहा ओळी असत्या, तर मला तो प्रश्न विचारायची वेळच आली नसती.

तीन वर्षे

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली चिठ्ठी. अक्षर मोत्यासारखे, तिकीट जागेवर, सही स्पष्ट. निवृत्तीच्या पैशांतले दोन लाख त्यांनी एका विद्यार्थ्याला दिले होते. मी तारीख पाहिली. चार वर्षे होऊन गेली होती.

"पण मी मागितले कुठे होते? चिठ्ठीत 'मागताच' लिहिलं आहे. मी मागितले गेल्या महिन्यात," गुरुजी म्हणाले.

हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. "मागणी करताच देईन" अशा चिठ्ठीची मुदत मागणीच्या तारखेपासून नव्हे, चिठ्ठीच्या तारखेपासून मोजतात. आणि ती तीन वर्षांची आहे. १९६३ चा मुदतीचा कायदा त्या बाबतीत कोणाची गय करीत नाही. मग करायचे काय? तीन वर्षे संपण्यापूर्वी ऋणकोकडून "अमुक रक्कम माझ्याकडे बाकी आहे" असे तारीख घालून सहीनिशी लिहून घ्यावे, किंवा नवी चिठ्ठी करावी. त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. मुदतीच्या आत काही रक्कम फेडली आणि ऋणकोने तसे आपल्या हाताने लिहिले किंवा त्यावर सही केली, तरी मुदत नव्याने मोजतात. पाठीवर देणाऱ्याचीही सही घ्यावी असे मी वर म्हटले ते यासाठी.

मुदत टळली म्हणून कर्ज फिटत नाही. कोर्टाचा दरवाजा तेवढा बंद होतो. कोणी सज्जनाने मुदतबाह्य देणे फेडीन असे सहीनिशी लिहून दिले, तर ते नवे वचन १८७२ च्या करार कायद्याने बंधनकारक ठरते. गुरुजींचा विद्यार्थी त्या जातीचा निघाला. त्यांनी पाठवलेले साधे पोस्टकार्ड वाचून तो स्वतः आला आणि नवी चिठ्ठी लिहून दिली. सगळ्यांच्या नशिबी असे विद्यार्थी नसतात. चिठ्ठी केली की तीन वर्षे पुरी होण्याच्या दोन महिने आधीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवावी आणि दरवर्षी नव्या कॅलेंडरवर उतरवावी.

कोरा कागद

एवढे सगळे कागदाच्या बाजूने बोललो. आता उलट बाजू. कागदाची धास्ती आपल्याकडे उगाच नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. बहुतेक ठिकाणी लोकांनी मागितले ते कर्जाचे रोखे, आणि ते हाती लागताच जाळले. काय लिहिले आहे ते न वाचता उठवलेले अंगठे होते ते. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यात काय लिहिले आहे यावर न थांबता, मुळात दिले किती आणि व्याज चढवले किती, हे खोदून पाहण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला.

आज आपण शिकलेले आहोत. तरी कोऱ्या कागदावर सही करून देणारे पदवीधर मला दरवर्षी भेटतात. एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नात चाळीस हजार घेतले आणि घाईत तिकीट लावलेल्या कोऱ्या कागदावर सही दिली, शिवाय एक कोरा चेक. दावा आला तो चार लाखांचा. "मी रक्कम लिहिलीच नव्हती!" हे त्यांचे म्हणणे खरे होते. पण तिकीट लावून सही केलेला कोरा कागद दिला, म्हणजे तो भरण्याचा अधिकारही दिला, असे कायदा प्रथमदर्शनी धरतो. चिठ्ठीवर सही आहे म्हणजे मोबदला मिळालेला आहे, असेही धरून चालतो. तसे नाही हे शाबीत करण्याचे ओझे सही करणाऱ्यावर पडते. चेकचेही तेच. सही करून स्वखुशीने दिलेल्या कोऱ्या चेकवर रक्कम दुसऱ्याने भरली तरी देणे आहे असेच गृहीत धरले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. आणि चेक वटला नाही, नोटीस मिळूनही पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्या गृहस्थांचे प्रकरण तडजोडीत मिटले. पण चाळीस हजारांपायी किती गेले, ते त्यांच्या पत्नीला विचारा. बांगड्या तिच्या होत्या.

तेव्हा नियम एकच: भरलेला कागद वाचून सही करा, कोऱ्यावर कधीही नको, सख्ख्या भावासाठीही नको. व्याजाने पैसे देणे हाच ज्याचा धंदा आहे, त्याला परवाना लागतो. त्याच्याकडून कर्ज घेण्याची वेळ आलीच तर आधी परवाना पाहावा.

करारनामा केव्हा?

रक्कम एकरकमी परत यायची असेल आणि अटी नसतील, तर वचनचिठ्ठी पुरते. पण हप्ते ठरले असतील, हप्ता चुकला तर काय हे ठरवायचे असेल, दागिने वा जागा तारण असेल, जामीनदार असेल, तर कर्जाचा करारनामा करावा. वचनचिठ्ठीला अट सोसत नाही; करारनाम्यात अटींसाठीच जागा असते. हप्त्याची रक्कम, तारीख, व्याज कशावर मोजायचे, आणि दोघांपैकी कोणी गेले तर काय, हे सगळे त्यात यावे. (वारसांवर वडिलांच्या कर्जाची जबाबदारी येते ती वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, हेही या ओघात सांगून ठेवतो.) करारनाम्याच्या मुद्रांकाची रक्कम राज्याराज्यांत निराळी असते आणि बदलतही असते, करण्यापूर्वी वकिलाला विचारावे. प्रती दोन कराव्यात, दोघांकडे एकेक.

जामीन राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. "नुसती सही तर हवी आहे" असे सांगून जामीनदार मिळवतात. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. कराराने काही वेगळे ठरले नसेल, तर धनको आधी ऋणकोकडे न जाता थेट जामीनदाराच्या दारी येऊ शकतो. भरलेले पैसे जामीनदाराला ऋणकोकडून मागता येतात, हे खरे. पण जो बँकेला दाद देत नाही, तो तुम्हाला काय देणार? ते पैसे आपण फेडू शकत असू, आणि फेडल्यावर त्या माणसाशी बोलू शकत असू, तरच जामीन राहावे.

भाच्याकडे परत येतो. दोन दिवसांनी भाचेसुनेने भावाला बोलावले. त्याला कसे सांगावे या विवंचनेत ती होती. मसुदा वाचून तो म्हणाला, "ताई, बरं झालं. दोन वर्षं तू मला भाऊबीजेला ओवाळताना मनात हिशेब करशील, अशी मलाच धास्ती होती." चिठ्ठी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिली. डॉक्टरांच्या अक्षराबद्दल जे बोलले जाते ते खरे असल्याने रक्कम दोनदा लिहावी लागली आणि एक कागद वाया गेला. तिकीट मात्र आधी लावले नव्हते, ते वाचले.

चिठ्ठी आता भाचेसुनेच्या कपाटात आहे. पहिला हप्ता पाडव्याला द्यायचा असे त्यांचे आपसात ठरले आहे. हे लिहीपर्यंत चिठ्ठीची पाठ कोरी होती. तुम्ही वाचाल तोवर तिच्यावर पहिली ओळ उमटलेली असेल.

तुमच्याही कपाटात, ट्रंकेत, एखाद्या डायरीत कोणाचे येणे किंवा कोणाचे देणे अर्धवट पडलेले असेल. दिवाळीच्या आवराआवरीत ते शोधून काढा. तारीख बघा. देणे असेल तर आधी आपण होऊन जा. येणे असेल तर विचारा, पण मी विचारले तसे नको. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा एका कॉलमात भेटूच. दिवाळीच्या शुभेच्छा.